घरपोच आवाज

"मॅडम, तुमचं पार्सल आज सकाळीच पोहोचलेलं आहे," फोनवरची मुलगी म्हणाली.

"कुठे पोहोचलंय?"

"तुमच्या पत्त्यावर, मॅडम. घरातल्या व्यक्तीनं स्वीकारलं असं सिस्टीममध्ये दिसतंय."

मी उंबऱ्यातच उभी होते. त्या दिवशी दवाखान्याला सुट्टी होती, आणि सकाळपासून मी तिथेच होते म्हटलं तरी चालेल. कॉलेजच्या ग्रंथालयातून मी रजा टाकली होती, आणि गल्लीत मोटरसायकल वाजली की बाहेर डोकावत होते. घरात माझ्याशिवाय फक्त अण्णा होते. ते आतल्या खोलीत खुर्चीवर बसून माझ्या तोंडाकडे बघत होते.

"घरातल्या कुठल्या व्यक्तीनं? नाव सांगा ना."

"नावाच्या जागी 'स्वतः' असं आहे, मॅडम."

"मी स्वतः बोलतेय तुमच्याशी. मला काही मिळालेलं नाही."

"तुमची गैरसोय आम्ही समजू शकतो. तक्रार नोंदवून घेते. आणखी काही मदत करू शकते का?"

फोन ठेवला. लगेच मोबाईलवर संदेश आला. आमची सेवा कशी वाटली, किती तारे द्याल? मी आत वळले. अण्णांनी भुवया उंचावल्या. मी मान हलवली. त्यांनी मांडीवरची पाटी उचलली, पेन्सिलीनं एकच शब्द लिहिला आणि पाटी माझ्याकडे फिरवली.

उद्या?

"हो, उद्या येईल," मी म्हणाले.

माझे वडील रेवणसिद्ध कोळेकर आमच्या सांगोल्याच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. काचेच्या केबिनमध्ये बसायचे आणि माइकवर गाड्या पुकारायचे. जत, मंगळवेढा, आटपाडी, विजापूर. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी बाजारात ते कोथिंबिरीचा भाव विचारायचे आणि चार माणसं वळून बघायची. चेहरा आठवत नसला तरी तो आवाज सगळ्यांच्या ओळखीचा होता. मग तो आवाज बसला. आधी सर्दी म्हणून, मग तंबाखू म्हणून काढे झाले. शेवटी सोलापूरच्या डॉक्टरांनी घशात गाठ आहे असं सांगितलं आणि स्वरयंत्र काढून टाकलं. गळ्याच्या खाली एक छिद्र राहिलं. त्यातून अण्णा श्वास घ्यायचे. त्याच्यावर मी मलमलीचा रुमाल बांधून द्यायचे.

किरणांचे उपचार सुरू करण्याआधी त्यांचे सगळे दात काढले. मिशी तर ऑपरेशनच्या वेळीच गेली होती. रोज सकाळी आम्ही सोलापूरला जायचो, दुपारी परत यायचो, आणि तो प्रत्येक फेरा अण्णांच्या अंगावरचं थोडंथोडं मांस घेऊन जायचा.

दवाखान्यातल्या वाचा शिकवणाऱ्या बाईंनी एका यंत्राबद्दल सांगितलं होतं. टॉर्चएवढं असतं. त्याची बारीक नळी तोंडात धरायची, बटण दाबायचं आणि ओठ हलवायचे. घरघर लागल्यासारखा आवाज येतो, पण शब्द कळतात. साधं यंत्र गळ्याला लावतात. पण अण्णांचा गळा किरणांनी सोलवटलेला, तिथे बोटसुद्धा सहन होत नव्हतं. म्हणून नळीचंच हवं. सोलापुरात ते कुठेच नव्हतं. मुंबईच्या विक्रेत्यानं नाव लिहून घेतलं आणि वाट बघा म्हणाला. एका ऑनलाइन दुकानावर मात्र त्याचं चित्र होतं आणि चित्राखाली लिहिलं होतं, चार दिवसांत घरपोच. मी त्याच मिनिटाला मागवलं.

"घाई करू नका," बाई म्हणाल्या होत्या. "उपचार संपेपर्यंत पाटीवर लिहून भागेल की."

माझ्याशी बोलायला पाटी पुरत होती. आत्याशी पुरत नव्हती.

गौरा आत्या अण्णांपेक्षा बारा-तेरा वर्षांनी मोठी. आजी लवकर गेली, तेव्हा अण्णा रांगत होते. आत्यानं त्यांना कडेवर घेऊनच घर सांभाळलं, आणि सासरी जाताना त्यांनाही बरोबर नेलं. पुढे काचबिंदूनं तिचे दोन्ही डोळे गेले. ती इचलकरंजीला मुलाकडे, बिरूदादाकडे राहायची. बिरूदादा यंत्रमागावर कामाला होता. रोज दिवेलागणीला आत्याचा फोन यायचा. बोलणं ठरलेलं असायचं.

"रेवण, जेवलास का?"

"अजून नाही. तू?"

"तुझा आवाज ऐकला, आता जेवते."

ऑपरेशन झाल्यावर बिरूदादानं आणि मी तिला सगळं सांगितलं. अण्णांचा घसा कापलाय, आवाज गेलाय, बाकी माणूस ठणठणीत आहे. पहिल्या दिवशी ती रडली. मग म्हणाली, "फोन त्येच्या कानाला लाव. मी बोलते, त्यो ऐकू दे." मी लावला. ती बोलत राहिली, अण्णा ऐकत राहिले आणि बोटानं फोनवर टकटक करत राहिले. काही दिवस असं चाललं. एका संध्याकाळी ती मधेच थांबली.

"रत्ने."

"काय आत्या?"

"ही टकटक तूच करतीस न्हवं?"

"नाही गं, अण्णा करताहेत. इथेच बसलेत."

"टकटक कुणीबी करंल," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

त्यानंतर तिनं फोन हातात धरला नाही. त्यातच ती न्हाणीत घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळली. पडल्या पडल्या तिनं एकच धरून ठेवलं. रेवण गेला, आणि ही पोरं माझ्यापासून लपवताहेत. बिरूदादानं जुन्या लग्नाच्या चित्रफितीतला अण्णांचा आवाज शोधून तिला ऐकवला. त्यानं तर घातच झाला.

"मी काय इचारते ते सोडून दुसरंच बोलतोय त्यो," ती म्हणाली. "मेलेल्याचा आवाज ऐकवता व्हय रं मला?"

आणि तिनं जेवण सोडलं. रुसून किंवा हट्टानं नाही. बिरूदादाच्या बायकोनं, कस्तुरावहिनीनं, घास तोंडाशी नेला की आत्या म्हणायची, "माझ्या भावाचं सुतक हाय का न्हाई, ते आधी सांगा. तोवर घास कसा गिळू?" दिवसाकाठी चहा, कधी चमचाभर पेज, तीही वहिनी रडायला लागली तरच.

मी अण्णांना म्हणाले, "आपण जाऊन येऊ या. शनिवार-रविवार उपचार नसतात. गाडी करते."

त्यांनी पाटीवर लिहिलं, आवाज येऊ दे. मग जाऊ. खाली आणखी लिहिलं, मुक्यानं जाऊन काय दाखवू तिला?

यंत्र चार दिवसांत येणार होतं. मलाही वाटलं, थांबू.

पार्सल 'स्वतः' स्वीकारल्याच्या दुसऱ्या दिवशी मी कुरिअरच्या ऑफिसात गेले. एका टायरच्या दुकानाच्या मागे ती अर्धी खोली होती. टेबलामागचा माणूस माझं ऐकून घेत होता आणि मान हलवत होता.

"बाई, तुमचं पार्सल आमच्याकडं आलेलंच नाही."

"मग पोहोचलं असं कसं दाखवतात?"

"ते वरनंच पडतं. आम्ही काही करत नाही. या दुकानाची ही दहावी-बारावी तक्रार आहे. कुणाचा कुकर, कुणाची पैठणी. परवा एकजण माझ्या अंगावर धावून आला. तुमचं काय होतं?"

मी सांगितलं. तो खुर्चीत सरळ बसला. "म्हणजे कोळेकर साहेबांसाठी?" तो म्हणाला. "स्टँडवरच्या?" मग त्यानं उगाचच कोपऱ्यातली पोती हलवून बघितली. माझ्या समाधानासाठी असावं.

घरी येऊन पुन्हा फोन लावला. मराठीसाठी तीन दाबा. तक्रारीसाठी पाच दाबा. बासरीची धून. प्रत्येक वेळी नवा माणूस, आणि प्रत्येक वेळी मी पहिल्यापासून सांगायचं. एक म्हणाला, बदली पार्सल निघालंय, गुरुवारी मिळेल. गुरुवारी एक बाई म्हणाल्या, पुण्यात गोदामात आहे, सोमवारी नक्की. सोमवारी मोबाईलवर हिरवी रेघ सरकली आणि पार्सल 'वाटेत' झालं. मी अण्णांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून ती रेघ निरखली, आणि संध्याकाळी आरशासमोर उभे राहून ओठ हलवायला लागले. बाईंनी शिकवलं होतं तसं, सावकाश, प्रत्येक अक्षराला तोंड पूर्ण उघडून. मी दारातून बघत होते. ओठांवरून शब्द कळत होते. आक्का. मी रेवण. जेवलीस का?

दोन दिवसांनी ती रेघ नाहीशी झाली. तिथे लिहून आलं, ग्राहक पत्त्यावर आढळला नाही.

त्या दिवशी मी फोनवर ओरडले. काय काय बोलले ते आता आठवत नाही. पलीकडे एक मुलगी होती, आवाजावरून कोवळी वाटत होती. ती 'तुमची गैरसोय' म्हणायला लागली, तशी मी तिला तोडलं.

"गैरसोय नाही हो. एक म्हातारी तिकडे उपाशी पडलीय. तिला तिच्या भावाचा आवाज ऐकवायचाय, एवढंच आहे. तुमच्याकडे ते यंत्र आहे की नाही, खरं सांगा ना एकदा."

मग ती अगदी खालच्या आवाजात, निराळ्याच भाषेत बोलली. मगाची पुस्तकी भाषा गेली आणि कुठल्याशा गावाकडची आली.

"ताई, तुम्ही दुसरीकडनं बघा. हितनं काय येणार न्हाई. गोदामंच बंद हायती. आम्हाला तारखा सांगायला बसवलंय निस्त्या."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

फोन कट झाला. तिनं केला की कुणी करायला लावला, देव जाणे. नंतर तो नंबर लागायचाच बंद झाला.

मी अण्णांजवळ जाऊन बसले. "येणार नाही ते," मी म्हणाले. त्यांनी पाटी पुसून खिडकीत ठेवून दिली. त्याच संध्याकाळी बिरूदादाचा फोन आला.

"रत्ना, आई आता चहाबी घेईना झालीय. डॉक्टर म्हणतोय सलाइन लावा, ती सुई उपसून काढतीय. मामांना घेऊन ये. यंत्र-बिंत्र ऱ्हाऊ दे. तिनं निस्ता चेहरा चाचपला तरी वळखंल."

हे अण्णांनी ऐकलं. ते उठले, कपाटातून धुतलेलं धोतर आणि पांढरा सदरा काढला. सदरा घातला तेव्हा त्यात आणखी एक माणूस मावला असता.

शनिवारी सकाळी आम्ही निघालो. मिरजेवरून. वाटेत अण्णा दोनदा थांबायला लावून उलटी करून आले. इचलकरंजीत शिरलो तेव्हा दोन्ही बाजूंनी मागांची खडखड सुरू झाली. बिरूदादाची खोली अशाच एका कारखान्याच्या मागे होती. भिंतीसुद्धा हलक्या थरथरायच्या.

आत्या खाटेवर उशांना टेकून बसली होती. एवढीशी झाली होती. केस विंचरलेले, कपाळ मोकळं, डोळे उघडे आणि पांढरट.

"आई, कोण आलंय बघ," बिरूदादा म्हणाला. "मामा आलाय. सांगोल्याहून. तूच चाचपून बघ."

तिनं दोन्ही हात पुढे केले.

अण्णा खाटेच्या कडेला बसले. त्यांनी तिचे हात धरून स्वतःच्या चेहऱ्यावर ठेवले. कस्तुरावहिनी चुलीपासून उठून पदर तोंडाला लावून उभी राहिली होती.

आत्याचे हात कपाळावरून फिरले, भुवयांवरून, गालांवर आले. गाल आत गेलेले. बोटं ओठांवर थांबली. वर मिशी नव्हती. ओठांमागे दात नव्हते. तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. कान, कानशिलं, हनुवटी. मग हात खाली गळ्याशी आला, रुमालाला लागला, आणि अण्णांचा श्वास तिच्या तळव्यावर फुस्सकन आला. तिनं हात झटकन मागे घेतला. वाकून वास घेतला. अण्णांच्या अंगाला आयुष्यभर चुना-तंबाखूचा वास असायचा. आता दवाखान्याच्या मलमाचा होता.

तिनं हात मांडीवर ठेवले.

"बिरू," ती म्हणाली, "कुणाला आणलंस रं?"

"आई, मामा हाय गं! देवाशपथ मामा हाय!"

"आत्या, अण्णाच आहेत," मी पुढे झाले. "आजारानं वाळलेत. दात काढलेत त्यांचे—"

"रत्ने, तूबी?" तिच्या आवाजात राग नव्हता. फार थकली होती ती. "माझ्या रेवणचा गाल माझ्या हातात वाढलाय. मला शिकवू नका."

अण्णांचे ओठ हलत होते. आक्का. आक्का. मी रेवण. आरशासमोर केलं होतं तसं, सावकाश, तोंड पूर्ण उघडून. गळ्यातून नुसती हवा येत होती, आणि ती हवासुद्धा मागांच्या खडखडाटात विरत होती. त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. ते त्यांनी पुसलं नाही.

आत्यानं हात पुढे करून त्यांचा हात शोधला आणि आपल्या दोन्ही हातांत घेतला. माझ्या मनात आलं, आता ओळखलं. पण ती बोलायला लागली ती परक्याशी बोलावं तशी.

"बाबा, तुझा दोष न्हाई. ह्यांनी तुला आणलं, तू आलास. भला माणूस दिसतोस. मगापासनं एक शबुद बोलला न्हाईस. म्हंजे तुझ्यानं खोटं बोलवत न्हाई." ती थोडी थांबली. "ही माझीच पोरं हायती, पर समदी मला फशिवत्यात. तू तरी खरं सांग. तोंडानं नको सांगू. माझा रेवण गेला आसंल, तर माझा हात दाब."

"आत्या!" मी ओरडलेच.

अण्णांनी मोकळा हात वर केला. स्टँडवर मागे येणारी गाडी थांबवायला करायचे तसा, पंजा उघडा. मी जागच्या जागी थांबले. बिरूदादा काही बोलायला गेला, त्यालाही त्यांनी तसाच हात दाखवला. मग ते आत्याला निरखत राहिले. सुकलेले ओठ, हाडं वर आलेली मनगटं, दंडावर सलाइनच्या सुईचे काळेनिळे डाग.

आणि त्यांनी तिचा हात दाबला.

आत्यानं लांब श्वास सोडला. आम्हाला वाटलं होतं ती हंबरडा फोडील. तिनं फोडला नाही. डोक्यावरून कुणी भारा उतरवून घ्यावा तसे तिचे खांदे खाली आले.

"कवा?" तिनं विचारलं. मग स्वतःच म्हणाली, "ऱ्हाऊ दे. लई हाल तरी झालं न्हाईत न्हवं?"

अण्णांनी हात स्थिर ठेवला. तिनं त्याचा काय अर्थ घेतला कोण जाणे, पण मान हलवली.

मग ती रडली. आवाज न करता, अण्णांचा हात न सोडता. रडत रडत त्यांनाच सांगत राहिली. आई गेली तेव्हा केवढासा होता. माझ्या कडेवरनं उतरायचाच न्हाई. बोलायला उशिरा लागला, गावातली माणसं म्हनायची मुका हाय. "आन् बोलाय लागला तर असा! ह्या माळावरनं त्या माळाला मेंढरं हाकायचा, आवाजावरनं कळायचं पोरगं कुठं हाय."

अण्णा ऐकत होते.

"एक सांगू का पाव्हणं? त्येला कधी सांगितलं न्हाई. मला दिसायचं बंद झालं, त्या साली मी ह्या बिरूला घेऊन सांगोल्याच्या स्टँडावर गेलती. त्येच्या घरी न्हाई गेले. बाकड्यावर बसले दिवसभर. त्यो वर बोलायचा, ही गाडी आली, ती गाडी निघाली. लोक म्हनायचे, काय आवाज हाय ह्या मानसाचा. मी कुणाला बोलले न्हाई, ह्यो माझा म्हून. सांजच्याला त्यानंच पुकारलेल्या गाडीत बसले आन् आले माघारी. त्येला कळलं आसतं तर म्हनला आसता, खुळी हायस आक्का."

मी बिरूदादाकडे पाहिलं. त्यानं खाली मान घालून होकार दिला.

अण्णांचं अंग हलत होतं. गळ्यातल्या छिद्रातून हुंदका बाहेर पडला की रुमाल फडफडायचा. आत्या त्यांच्या हातावर थोपटत म्हणाली, "तुलाबी माया हुती त्येची, दिसतंय."

थोड्या वेळानं तिनं डोळे पुसले. "कस्तुरा, आंघुळीचं पाणी काढ. सुतकाची आंघूळ हाय माझी."

वहिनी हलली नाही. माणूस समोर जिवंत बसलाय आणि त्याच्या नावानं डोक्यावर पाणी घ्यायचं! तिनं माझ्याकडे बघून जोरजोरात मान हलवली. अण्णा उठले. चुलीशेजारचा तांब्या उचलला, पिंपातून भरला आणि वहिनीच्या हातात दिला. ती मागे सरकली. त्यांनी तिच्यासमोर हात जोडले. मोठ्या माणसानं हात जोडलेले बघून तिनं तांब्या घेतला.

आत्याला उचलून खुर्चीवर बसवलं. वहिनीनं पडदा ओढला. पडद्यामागे पाणी पडल्याचा आवाज येत होता, आणि अण्णा पडद्याच्या अलीकडे उभे राहून तो ऐकत होते. स्वतःच्या नावाचं ते पाणी शेवटच्या तांब्यापर्यंत त्यांनी उभ्यानं ऐकलं.

कोरडं लुगडं नेसून आत्या परत खाटेवर आली तेव्हा म्हणाली, "भूक लागलीय गं."

वहिनीनं ज्वारीची आंबील केली. आत्यानं वाटी स्वतःच्या हातानं धरली. एक घोट घेतला, दुसरा घेतला, मग थांबली. "त्या पाव्हण्याला वाढलीस का? लांबनं आलाय."

अण्णांनाही वाटी दिली. त्यांना तेवढंच गिळता येत होतं. दोघं शेजारी शेजारी बसून आंबील प्यायले. आत्यानं वाटी निपटून पुन्हा पुढे केली.

परतीच्या वाटेवर मी रडत होते, भांडत होते. "तुम्ही असं कसं केलंत? पुढच्या महिन्यात कुठूनही यंत्र मिळवलं असतं. मग ती काय म्हणेल?" गाडीतल्या अंधुक उजेडात अण्णांनी पाटीवर लिहिलं, पुढचा महिना तिच्याकडे नव्हता. त्याखाली लिहिलं, दोन वाट्या प्यायली.

यंत्र पुढे मुंबईच्या विक्रेत्याकडून मिळालं. अण्णा शिकले. बाजारात जायचे, त्या घरघरत्या आवाजात कोथिंबिरीचा भाव विचारायचे. लोक वळून बघायचे, ते वेगळ्या कारणानं. आत्याला त्यांनी त्या यंत्रातून कधी फोन केला नाही. मी एकदा विषय काढला, तर बटण न दाबता नुसते ओठ हलवले. नको.

पण ते तिच्याकडे जायचे. महिन्याला एकदा, कधी दोनदा. यंत्र गाडीत ठेवायचे आणि आत जाऊन खाटेच्या कडेला बसायचे. आत्या हाताला हात लावून म्हणायची, "आलं का पाव्हणं?" आणि रेवणच्या गोष्टी सांगायची. ती पुन्हा चालली नाही, पण जेवत होती. मधल्या काळात तिनं रेवणच्या नावानं वहिनीला वर्षश्राद्धाचा स्वयंपाक करायला लावला, आणि पाव्हण्यांना आग्रह करकरून वाढलं.

शेवटच्या खेपेला मी बरोबर होते. आत्याचं बोलणं तुटक झालं होतं. मधेच डोळा लागायचा. अण्णांचा हात तिच्या हातात होता. जागी झाली तशी तिनं तो चाचपला आणि विचारलं, "बाबा, इतकं दीस येतोस. तुझ्या घरी कोण हाय का न्हाई? बहीण हाय का तुला?"

अण्णांनी हात दाबला.

"हाय?" ती म्हणाली. "मग तिच्याकडं जा की. माझ्यापाशी कशाला बसतोस? ती वाट बघत आसंल तुझी."

अण्णा तिथून उठले नाहीत.